सासूबाईंच्या नावची खोली

सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, एका जुनाट इमारतीच्या वरच्या मजल्यावर निनाद टिपणीस एकटा राहत होता आणि त्याच्या घरात झोपायच्या खोल्या दोन होत्या. एकट्या माणसाला दोन खोल्या कशाला, असं त्याला शेजारीपाजारी कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते सरकारी पैशावर चालणाऱ्या 'ब्लूगम होम्स' नावाच्या संस्थेनं, आणि तेही ऐन कोरोनाच्या साथीत.

आता या दुसऱ्या खोलीची जन्मकथा सांगायला हवी. निनाद आणि चित्रलेखा दोन वर्षांपूर्वी वेगळे झाले. भांडी फुटली नाहीत, तिसरं माणूस मध्ये आलं नाही. दोघं शिकलेली, त्यामुळे दोघांनी एकमेकांना इतकं समजावून सांगितलं, की शेवटी समजून घेण्यासारखं काही उरलंच नाही. चित्रलेखाला मेलबर्नमध्ये नोकरी मिळाली, ती मितालीला घेऊन वेरिबीला गेली. शाळेच्या प्रत्येक सुट्टीत मितालीनं बाबाकडे यायचं असं ठरलं. वकिलाकरवी चित्रलेखानं एकच अट घातली: पोरीला स्वतःची खोली हवी. ती हॉलमध्ये सोफ्यावर झोपणार नाही.

निनाद विमानतळावर चेक-इन काउंटरला होता. त्या पगारात सिडनीत एक खोली मिळत होती, दोन नव्हत्या. तेव्हा कुणीतरी त्याला ब्लूगमची योजना सांगितली. ज्या वेगळ्या झालेल्या आईबापांची मुलं दुसरीकडे राहतात, त्यांना मुलाच्या खोलीच्या भाड्यासाठी ही संस्था हातभार लावायची. अट अशी, की मूल दर सुट्टीला येऊन त्या खोलीत झोपलं पाहिजे. मूल येतं म्हणून खोली, आणि खोली आहे म्हणून मूल येतं. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या होत्या, आणि कुणी धक्का दिला नाही तोवर छान उभ्या होत्या.

मग साथ आली. विमानतळ ओस पडला, निनादला घरी बसवलं, आणि तो एका सुपरमार्केटच्या गोदामात लोकांच्या ऑनलाइन ऑर्डरी भरायला शिफ्टला जाऊ लागला. जुलैत सिडनीच्या न्यू साउथ वेल्सनं मेलबर्नच्या व्हिक्टोरियाची सीमा बंद केली. एकाच देशातल्या दोन राज्यांच्या मध्ये पोलीस उभे राहिले, आणि मितालीचं येणं बंद झालं.

खोली मात्र रिकामी नव्हती. खोलीत सासूबाई होत्या.

शुभदाबाई फेब्रुवारीत पुण्याहून लेकीकडे वेरिबीला आल्या होत्या, नातीचं कोडकौतुक करायला. त्यांचं परतीचं विमान साथीनं गिळलं. भारतात परत नेणारी खास विमानं सुटत होती ती सिडनीहून, आणि त्यांच्या यादीत नाव लावून बसावं लागायचं. जूनच्या अखेरीला त्यांचा नंबर लागणार असं दिसलं, तेव्हा चित्रलेखानं बऱ्याच महिन्यांनी निनादला स्वतःहून फोन केला.

"एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे रे. सिडनीत दुसरं कुणी नाही. मितालीची सुट्टी आहेच, दोघी बरोबर येतील."

"अगं, त्यात काय विचारायचं? पाठव ना."

निघायच्या दिवशी मितालीला कणकण आली, म्हणून आजी एकटीच पुढे आली. नात चार दिवसांनी येणार होती. तेवढ्यात सीमा बंद झाली, आणि पाठोपाठ आजीचं विमानही रद्द झालं. परत वेरिबीला जावं, तर मेलबर्नला कडक लॉकडाऊन, आणि एकदा तिकडे गेलं की विमानासाठी सिडनीला पुन्हा कुणी पाऊल टाकू देईना. अशा रीतीनं घटस्फोटित जावयाच्या घरी, नातीच्या युनिकॉर्नच्या पांघरुणात, सासूबाईंचा मुक्काम पडला.

शुभदाबाईंना हा जावई पहिल्यापासून पसंत नव्हता. स्टुडंट व्हिसावर आलेला, धड नोकरी नाही, आणि बोलतो मात्र घर घेण्याच्या गोष्टी, हे त्यांचं त्या वेळचं मत होतं आणि त्यांनी ते कधी बदललं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी त्याचं स्वयंपाकघर उघडून पाहिलं.

"जिऱ्याचा डबा नाही घरात, निनादराव. आणि तुम्ही संसार करायला निघाला होतात."

निनाद जिरं घेऊन आला. मग हिंग आणला, मग पोळपाट आणला. बघता बघता गोदामातून दमून आल्यावर गरम आमटी मिळायची त्याला सवय लागली. हे मान्य करणं त्याच्या जिवावर यायचं, पण खरं होतं ते खरं होतं.

सासूबाईंना मात्र इथं अजिबात करमत नव्हतं. रस्त्यावर माणूस दिसत नाही, पांढरे पोपट भल्या पहाटे गळा काढतात, दुधाला साय येत नाही. त्यांचा सगळा जीव कर्वेनगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत होता. तिथला मोगरा शेजारचे बाळकाका पाणी घालून जगवत होते, आणि फोनवर त्याचा फोटो मागवला की नेमका दुसऱ्याच कुंडीचा पाठवत होते. रोज सकाळी चहाच्या वेळी त्यांचा एकच प्रश्न असायचा.

"आज काही आलं का विमानाचं?"

"नाही आई. अजून नाही."

"विमानतळावर इतकी वर्षं काढलीत, एक खुर्ची मिळवता येत नाही तुम्हाला."

सप्टेंबरची सुट्टीही मितालीविना गेली. आणि ऑक्टोबर उजाडल्यावर ब्लूगमच्या ट्रेसीचा फोन आला. ट्रेसी फार गोड बोलायची. इतकी गोड, की नकार ऐकल्यावर आपणच तिचे आभार मानून फोन ठेवावा.

"तुमची मुलगी जुलैत आली नाही, सप्टेंबरातही आली नाही, असं आमच्याकडे दिसतंय," ती म्हणाली.

"बॉर्डर बंद आहे. तिथं पोलीस उभे आहेत."

"ओ, आय नो! माझी बहीणपण मेलबर्नला आहे. टेरिबल. पण बॉर्डर आमच्याकडे येत नाही ना. आमच्याकडे फक्त खोली येते. दोन सुट्ट्या खोली वापरली गेली नाही, तर ती जादा खोली धरतात. जादा खोलीला मदत नाही."

"आणि वापरात असेल तर?"

"कुणाच्या?"

आतून सासूबाईंचं स्तोत्र ऐकू येत होतं. निनादनं फोनवर तळहात धरला.

"नो वरीज," ट्रेसी म्हणाली. "आपण व्हिडिओवर इन्स्पेक्शन करू. तुम्ही फोन घेऊन घरभर फिरा, मी बघते. गुरुवारी दुपारी, थर्सडे आर्व्हो, चालेल?"

चालेल न चालेल, चालवणं भाग होतं. मदत थांबली तर वर्षअखेरीला हे घर सोडून कुणाच्या तरी परसातल्या एका खोलीत जावं लागणार, हे निनादला लख्ख दिसत होतं. मग डिसेंबरात सीमा उघडली काय आणि न उघडली काय, मिताली येणार नव्हती. चित्रलेखा दुष्ट नव्हती, पण अटीची पक्की होती. तिला पाहून आधीच सहा महिने होत आले होते. मिताली फोनवर आता 'लव्ह यू बाबा' म्हणण्याऐवजी 'ओके बाय' म्हणू लागली होती.

त्यानं अवधूतला गाठलं. अवधूत त्याच्याबरोबर युनिव्हर्सिटीत होता. आता तो सोलर पॅनेल विकायचा आणि सल्ले फुकट द्यायचा.

"वेडा आहेस का तू?" अवधूत ओरडला. "एक्सची आई घरात? मेट, कोण ठेवतं एक्सच्या आईला घरात? ती बाई म्हणणार, हे सेपरेटेड नाहीतच, नाटक आहे सगळं! मदत तर जाईलच, वर चौकशी लागेल मागे. सिंपल आहे. त्या दिवशी सासूला पार्कात पाठव. खोलीत चार टेडी बेअर टाक. एक तासाचा तर प्रश्न आहे."

सल्ला वाईट नव्हता. फक्त तो अमलात आणायचा तर शुभदाबाईंशी बोलावं लागणार होतं, आणि तिथंच घोडं अडलं. कारण सासूबाईंच्या डोक्यात तेव्हा दुसरंच चक्र फिरत होतं. तो अधिक महिना होता.

अधिक महिना तीन वर्षांनी येतो, आणि त्यात सासू जावयाला वाण देते. तेहतीस अनारसे, वर दिवा, लेक आणि जावई शेजारी शेजारी बसलेले, लक्ष्मीनारायणाचा जोडा मानून दोघांना ओवाळायचं. मागचा अधिक आला तेव्हा लेक-जावयाचे वकील एकमेकांना पत्रं लिहीत होते, म्हणून शुभदाबाईंनी वाण दिलं नव्हतं. ते त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. या वेळी तर जावई आयता समोर होता. त्यांनी महिना लागताच तांदूळ भिजत घातले होते. पहिल्या खेपेचे अनारसे तुपात टाकल्याबरोबर हसले आणि त्यांचा चुरा झाला. दोष अर्थातच ऑस्ट्रेलियाच्या तांदळाचा. पुन्हा तांदूळ भिजले, पाणी बदललं, वाळवले, दळले, गुळात मळून पीठ मुरत ठेवलं. या सगळ्यात महिना सरत आला. शुक्रवारी अमावस्या. वाण द्यायचं तर गुरुवारी, मिताली शाळेतून आल्यावर.

"आई, गुरुवारी एका तासासाठी तुम्ही बागेत जाऊन बसाल का?" निनादनं चाचरत विचारलं आणि सगळं सांगितलं.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी लपून बसू? चोरासारखी?"

"तसं नाही. पण त्यांना वाटेल, चित्रलेखा आणि मी अजून एकत्रच आहोत. तुम्ही इथं कोणत्या नात्यानं राहता, काय सांगू मी?"

"जावयाच्या घरी राहते."

"आई, मी आता जावई नाही. कायद्यानं..."

"ते तुम्ही नका ठरवू, निनादराव. जावई मी केला. काढायचा झाला तर मी काढीन."

विषय संपला. निनादनं ट्रेसीला वार बदलायची विनंती केली. ट्रेसी म्हणाली, शुअर, पुढची रिकामी वेळ फेब्रुवारीत आहे, तोवर मदत थांबवून ठेवू, नो वरीज. निनादनं घाईघाईनं गुरुवारच ठेवला.

गुरुवारी दुपारी शाळा सुटायच्या वेळेला घरात तुपाचा वास दाटला होता. हॉलमध्ये पाट नव्हता म्हणून योगाची चटई अंथरली होती. चटईवर डाव्या बाजूला निनादची जागा, आणि उजव्या बाजूला एका उशीवर, मसाल्याच्या डब्याला टेकून, सासूबाईंचा फोन उभा. फोनमध्ये वेरिबीच्या घरातली चित्रलेखा, ऑफिसच्या कॉलमधून वेळ काढून बसलेली, आणि तिच्या खांद्यावरून डोकावणारी शाळेच्या गणवेशातली मिताली. शुभदाबाईंनी फोनला आधीच हळदकुंकू वाहून टाकलं होतं.

"आई, कॅमेऱ्यावर कुंकू लागलंय. मला सगळं लाल दिसतंय," चित्रलेखा म्हणत होती.

इतक्यात निनादच्या हातातला फोन वाजला. ट्रेसी वेळेची पक्की निघाली.

निनादनं हॉलकडे पाठ केली आणि फोन छातीशी धरून सुरुवात केली. बाथरूम दाखवली. नळ दाखवला. नळ चालू करून दाखवला, बंद करून दाखवला. स्वतःची खोली दाखवली, कपाटाचं दार उघडून दाखवलं. एवढ्या मन लावून त्यानं हे घर भाड्यानं घेतानाही बघितलं नव्हतं.

"लव्हली," ट्रेसी म्हणाली. "आणि दुसरी खोली?"

दुसरी खोली उघडावी लागली. युनिकॉर्नच्या पांघरुणावर घडी घातलेल्या सुती साड्या होत्या. मितालीच्या अभ्यासाच्या टेबलावर देव बसले होते, आणि त्यांच्या बाजूला गुडघ्याला लावायचं तेल. अवधूतच्या सल्ल्यानुसार आणलेले टेडी बेअर सासूबाईंनी नीट रांगेत बसवून त्यांच्यावर टॉवेल वाळत घातला होता.

"या तुमच्या मुलीच्या वस्तू?" ट्रेसीनं जरा थांबून विचारलं.

निनाद तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरात तुपाचा धूर छतापर्यंत पोचला आणि स्मोक अलार्मनं बोंब ठोकली. निनाद धावला, हातातल्या फोनसकट धावला, आणि टॉवेल गरगर फिरवून त्यानं अलार्म गप्प केला.

"स्मोक अलार्म वर्किंग," ट्रेसी आनंदानं म्हणाली आणि काहीतरी टाइप केलं. "ग्रेट. हे सहसा लोकांचं बंदच असतं. आणि या लेडी कोण?"

कारण आता फोनच्या चौकटीत शुभदाबाई उभ्या होत्या. नाकात नथ, अंगावर जरीची साडी, हातात ताट. ताटात तेहतीस अनारसे आणि वर तुपाचं निरांजन.

"निनादराव, बसा. वेळ टळतेय."

"या माझ्या मुलीची आजी," निनाद म्हणाला.

"ओ, म्हणजे तुमची मम!"

निनादच्या जिभेवर 'हो' आलं होतं. एवढी वर्षं तो त्यांना आईच म्हणत होता. हो म्हटलं असतं तर पूर्ण खोटं नव्हतं, पूर्ण खरंही नव्हतं, आणि खोली वाचली असती. पण त्याच्या आधी उशीवरच्या फोनमधून आवाज आला.

"नो, शी'ज माय मम्स मम."

मितालीला शाळेत खरं बोलायला शिकवलं होतं.

"सॉरी, कोण बोललं?" ट्रेसीनं विचारलं. लपवायचं काहीच उरलं नव्हतं. निनादनं तिला उशीपाशी नेलं, आणि दोन फोन एकमेकांसमोर आले.

"हाय," चित्रलेखा लाल धुक्यातून म्हणाली. "मी एक्स-वाइफ. मी मेलबर्नला राहते. आम्ही खरंच सेपरेटेड आहोत."

"आणि तुझी मम त्याच्याकडे राहते?"

"हो."

"का?"

शुभदाबाईंनी ताट खाली ठेवलं.

"काय म्हणतेय ती बाई?"

"ती विचारतेय, बाबा आता तुझा जावई नाही, तर तू त्याच्याकडे का राहतेस," मिताली म्हणाली. आजीशी मात्र ती नेहमी मराठीत बोलायची, कारण आजी इंग्रजीला ओ देत नसे.

"तिला सांग, नवरा-बायको एकमेकांना सोडू शकतात. त्यांची त्यांनी सही केली. मला कुणी विचारलं होतं? माझी सही आहे का कुठं?"

मितालीनं क्षणभर विचार केला आणि ट्रेसीकडे वळली. "शी सेज नोबडी आस्क्ड हर. शी डिडन्ट साइन एनिथिंग. सो ही'ज स्टिल हर सन-इन-लॉ."

पलीकडे कळफलकाचा आवाज सुरू झाला.

"यांचं जेवणखाण तुमच्याबरोबरच?" ट्रेसीनं विचारलं. हो. "जुलैपासून रोज इथंच झोपतात?" हो. "वय?" मितालीनं आजीला विचारलं, आजीनं दोन वर्षं कमी करून सांगितलं. "त्या व्हिजिटर व्हिसावर असतील ना? नो वरीज, व्हिसा आमच्याकडे येत नाही. आणि ते काय आहे ताटात?"

"थर्टी-थ्री स्वीट्स विथ होल्स इन देम," मिताली म्हणाली. "यू गेट देम एव्हरी थ्री इयर्स इफ यू'र अ सन-इन-लॉ."

शुभदाबाईंना एवढ्या चर्चेत मुळीच रस नव्हता. त्यांनी निनादला खांद्याला धरून चटईवर बसवलं. त्याला कुंकू लावलं, उशीवरच्या फोनला पुन्हा लावलं, आणि दोघांना ओवाळलं. निनादच्या हातात ट्रेसी तशीच होती, त्यामुळे तिलाही ओवाळून झालं. निरांजनाच्या उजेडात त्याला फोनमधली चित्रलेखा दिसली. ती हसू दाबत होती, आणि तिचे डोळे मात्र भरले होते. त्याचेही भरले. लग्न मोडल्याचं वाईट वाटायला दोघांना इतक्या दिवसांत सवडच झाली नव्हती, ती अशी सरकारी इन्स्पेक्शनच्या मध्ये झाली.

पुढच्या आठवड्यात ट्रेसीचा फोन आला.

"गुड न्यूज आणि बॅड न्यूज," ती म्हणाली. "मुलीसाठीची मदत बंद झाली. ती खोली मुलगी वापरत नाही, हे मी स्वतः पाहिलं."

निनाद मनातल्या मनात परसातल्या खोलीचं भाडं मोजू लागला.

"पण तुमची मदर-इन-लॉ वापरते! घरात ज्येष्ठ नातेवाईक राहत असेल तर वेगळ्या योजनेत दुसरी खोली मिळते. मी सिस्टिममध्ये मदर-इन-लॉ टाकलं आणि सिस्टिमनं घेतलं. वाइफ आहे का, ते सिस्टिम विचारतच नाही."

"म्हणजे माझ्या मुलीला खोली नाही, पण मुलीच्या आजीला आहे?"

"एक्झॅक्टली! त्या राहतायत तोवर. त्या गेल्या की बंद."

"आणि डिसेंबरात मुलगी आली तर?"

"व्हिजिटर म्हणून येऊ दे की. व्हिजिटर्स आर ऑलवेज वेलकम."

निनादनं तिचे आभार मानले, आणि फोन ठेवल्यावर आपण कशाबद्दल आभार मानले याचा विचार करत बसला. संध्याकाळी त्यानं सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी भाजी निवडता निवडता ऐकलं, "बरं" एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं, "आज काही आलं का विमानाचं?" आता रोज "नाही" म्हणताना निनादला सुटल्यासारखं वाटायचं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाजही वाटायची.

नोव्हेंबरात सीमा उघडणार असल्याचं जाहीर झालं. मितालीनं फोनवर घर डोक्यावर घेतलं. शाळा संपली की लगेच, डिसेंबरातलं तिकीट काढलंसुद्धा. चित्रलेखानं एकच विचारलं, "खोली आहे ना रे?" आणि निनादनं छातीठोकपणे सांगितलं, "आहे."

त्यानंतर आठ-दहा दिवसांत, तो गोदामात ट्रॉली ढकलत असताना त्याच्या फोनवर मेल आली. श्रीमती शुभदा यांच्यासाठी पुढच्या आठवड्यातल्या विमानात जागा उपलब्ध. संध्याकाळपर्यंत कळवावे, अन्यथा जागा पुढच्या नावाला देण्यात येईल.

निनाद टॉयलेट पेपरच्या गठ्ठ्यांसमोर थांबला. काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. संध्याकाळ झाली असती, जागा दुसऱ्याला गेली असती, आणि उद्या सकाळी चहाच्या वेळी त्यानं रोजच्यासारखं "नाही आई, अजून नाही" म्हटलं असतं. खोली राहिली असती. मिताली आली असती. कुणाला कधी कळलं नसतं. ट्रॉली घेऊन तो त्याच गल्लीतून तीनदा गेला, आणि सुपरवायझरनं विचारलं, "मेट, यू राइट?"

नव्हता तो राइट. त्याला कर्वेनगरची गॅलरी दिसत होती, जी त्यानं आयुष्यात दोनदाच पाहिली होती. जिच्या हातची आमटी जुलैपासून खाल्ली तिला फसवून पोरीला बोलवायचं, आणि त्या पोरीला वर खरं बोलायला सांगायचं, हे त्याच्यानं होईना. शिफ्ट अर्धी टाकून तो घरी आला. शब्द सापडेनात, म्हणून थेट खोलीत जाऊन त्यानं कपाटावरची सासूबाईंची बॅग खाली काढली आणि पलंगावर ठेवली.

शुभदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ती कशाला काढलीत?"

"आई, विमान आलंय. पुढच्या आठवड्यात. आत्ताच्या आत्ता हो म्हणून कळवायचंय."

"मला माहीत आहे. मघाशी माझ्या फोनवर आला होता त्या विमानवाल्या बाईचा फोन. मी नाही म्हटलं."

निनादला कळेचना. "नाही म्हटलंत? तुम्हीच तर रोज..."

"तिला मराठी येईना, म्हणून इंग्रजीत सांगितलं. आय नो गो. आय गो, रूम गो." त्यांनी पदर खोचला. "समजलं तिला. ओके म्हणाली."

निनाद पलंगाच्या कडेला बसला आणि त्याला रडू आलं. चांगलं मोठ्यानं आलं, आवरेना. बापाला रडताना पाहून मितालीनं मिठी मारली असती. सासूबाईंनी बॅग उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

"पुरे. वर ठेवा ती. आणि मिताली यायच्या आत एक गादी आणा, मी खाली झोपेन, पलंग तिचा." मग जाता जाता दारातून वळून म्हणाल्या, "आणि बाळकाकांना फोन लावून द्या मला. मोगरा घेऊन जा म्हणावं तुमच्याकडे. मला अजून वेळ आहे."